एल्क कॅम्पच्या कॅनव्हास तंबूसाठी शेगडी: टायटॅनियम घ्यावी की पोलादी पत्र्याची?

अमेरिकेतल्या कोलोरॅडोत एल्कच्या, म्हणजे मोठ्या जातीच्या हरणाच्या, रायफलने करायच्या शिकारीचे हंगाम ऑक्टोबरच्या मध्याला सुरू होतात आणि नोव्हेंबरपर्यंत चालतात. नऊ-दहा हजार फुटांवर तेव्हा रात्री बाटलीतलं पाणी गोठतं, दिवसभर बर्फ तुडवून बूट ओले झालेले असतात. तंबूत शेगडी नसेल तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी माणसं परतीचं बोलू लागतात. भारतात १९७२च्या कायद्याने शिकार बंद झाली, त्यामुळे इकडे येऊन या छंदाला लागलेल्या मराठी माणसाला घरातल्या थोरांकडून यातलं काही कळलेलं नसतं. कॅनव्हासचा वॉल टेंट (उभ्या भिंतींचा मोठा तंबू) घेऊन झाला की पुढचा प्रश्न शेगडीचा, आणि तिथे जो तो ‘हलकी घे’ असंच सांगतो. मला हा सल्ला अर्धाच बरोबर वाटतो.

आधी तंबूचं वजन बघा. बारा बाय चौदा फुटांच्या, दहा औंसी (दर चौरस याराला दहा औंस वजनाच्या) कापडाच्या वॉल टेंटचं नुसतं कापड पंचवीस किलोच्या आसपास भरतं, चौकटीचे पाइप वेगळे. असा तंबू पाठीवर कुणी नेत नाही, तो ट्रकमधून किंवा खेचरावरून जातो. ट्रक तंबूच्या दारापर्यंत पोचत असेल, तर शेगडीतले दहा किलो वाचवून काय मिळालं? त्यासाठी मोजलेले जादा डॉलर मात्र खरे असतात.

आता दोन्ही शेगड्या शेजारी शेजारी ठेवू.

टायटॅनियमची शेगडी म्हणजे घडी होणारी पातळ पत्र्याची पेटी आणि कागदासारखं गुंडाळता येणारं धुराडं. दोन्ही मिळून वजन साधारण एक ते अडीच किलो. कोलोरॅडोतल्या सीक आउटसाइड आणि किफारू, मिनेसोटातली फोर डॉग ही अशा शेगड्या करणाऱ्यांतली ओळखीची नावं. टायटॅनियमची घनता पोलादाच्या जेमतेम सहा दशांश, आणि ते गंजत नाही, म्हणून पत्रा खूप पातळ ठेवता येतो. काडी लावल्यावर पाच मिनिटांत अंगाला ऊब लागते. पहिल्याच जाळात पत्रा निळा-जांभळा होतो, थोडा वाकतो. त्याने बिघडत काही नाही, पण वरचा भाग सपाट राहत नसल्याने मोठं भांडं डगमगतं.

पोलादी पत्र्याची शेगडी म्हणजे रॉकी पर्वतातल्या मेंढपाळांच्या तंबूत असायची त्या घडणीची पेटी. आज युटातली सिलिंडर स्टोव्ह्ज अशा शेगड्या करते. वजन बारा ते पंचवीस किलो, जाड पत्र्याची असेल तर त्याहून जास्त. बाजूला पाण्याची टाकी लावता येते, ताटं गरम ठेवायला फळी मिळते, धुराड्याचे तुकडे पेटीतच मावतात. चार माणसांचा स्वयंपाक, भांडी धुवायला गरम पाणी आणि वर दोरीवर मोजे, हे सगळं तिच्याच जिवावर चालतं. पत्रा पातळ असेल तर तळाला दोन बोटं वाळू किंवा राख पसरावी लागते, नाहीतर बूड लवकर जळतं.

‘पोलाद जड असतं म्हणून रात्रभर उष्णता धरतं’ असं सर्रास सांगितलं जातं. हिशेब करून बघा. पंधरा किलो पोलाद तीनशे अंश तापलं आणि पूर्ण थंड झालं, तर त्यातून सुमारे सव्वादोन मेगाज्यूल उष्णता मिळते. एक किलो वाळलेलं लाकूड जाळलं की साधारण पंधरा. म्हणजे त्या अख्ख्या लोखंडात साठलेली ऊब मूठभर लाकडाएवढीच. रात्र काढायला धातूचं वजन फारसं कामाला येत नाही. कामाला येतं ते शेगडीचं पोट, घट्ट बसणारं दार आणि हवा आवळता येणारी झडप. दाराला फट असलेली जड शेगडीही दोन तासांत विझेल.

पोट लहान म्हणून टायटॅनियमची शेगडी तासाभरात, फार तर दीड तासात लाकूड मागते. पोलादी शेगडीत रात्री दहाला जाडे ओंडके भरून झडप आवळली, तर पहाटे तीन-चारला निखारे सापडतात. जाहिरातींतले आठ-दहा तास ओकसारख्या कठीण लाकडाचे असतात. रॉकीजमध्ये मिळतं लॉजपोल पाइन, स्प्रूस, ॲस्पेन, आणि ही लाकडं भराभर जळतात. बीटल किड्याने मारलेले पाइन उभ्या उभ्या वाळलेले मिळतात, ही मात्र मोठी सोय आहे.

वजनाच्या तक्त्यात न दिसणारी गोष्ट म्हणजे करवत. लहान शेगडीला फूटभर लांब, मनगटाएवढी फाटी लागतात. मोठीत दीड-दोन फुटांचा ओंडका तसाच जातो. तेवढ्याच सरपणासाठी लहान शेगडीला जवळपास दुप्पट काप द्यावे लागतात, वर चिरणं वेगळं. ट्रकशेजारी चेनसॉ असेल तर हे जाणवत नाही. पण १९६४च्या वाइल्डरनेस कायद्याखाली राखलेल्या जंगलात मोटरची अवजारं चालत नाहीत, तिथे हातकरवतच हवी. दिवसभर डोंगर चढून आलेल्या माणसाला संध्याकाळचा तो अर्धा तास दोन किलो ओझ्यापेक्षा जास्त जड जातो.

मग टायटॅनियम कुणी घ्यावी? खेचरांवरून आत जाणाऱ्यांनी तिचा जरूर विचार करावा. एका खेचरावर साधारण पासष्ट-सत्तर किलो ओझं टाकतात आणि दोन्ही बाजूंच्या पेट्या जवळपास समान वजनाच्या लागतात. जड शेगडी एका पेटीत गेली की दुसऱ्या बाजूला तेवढंच वजन शोधत बसावं लागतं. परतताना एल्कचं मांसही यायचं असतं, मोठ्या नराचं हाडं काढून ऐंशी-नव्वद किलो सहज. मिनेसोटाच्या बर्फात टोबोगनवर (सपाट तळाच्या घसरगाडीवर) हलक्या सुती कापडाचा तंबू ओढत नेणाऱ्यांनाही टायटॅनियमच बरी.

तुम्ही शेगडी फक्त संध्याकाळी आणि पहाटे पेटवणार असाल, रात्री स्लीपिंग बॅगवर भिस्त असेल, तर टायटॅनियमची मुख्य उणीव निम्म्याने कमी होते. मला स्वतःला हीच पद्धत पटते. झडप आवळून धुमसत ठेवलेल्या जाळातून कार्बन मोनॉक्साइड जास्त निघतो आणि धुराड्यात काजळी साचते. शेगडी कोणतीही असो, या वायूचा अलार्म झोपायच्या जागेजवळ हवाच. यात तडजोड नको.

तंबूशी जुळणीही पाहा. वॉल टेंटच्या छताला धुराड्यासाठी शिवलेलं भोक बहुधा पाच-सहा इंची नळीच्या मापाचं असतं. गुंडाळी धुराडं अडीच-तीन इंचांचं. मधल्या फटीतून वारा आणि पाऊस आत येतो, त्यासाठी मापाची चकती आधीच घ्या. धुराडं तंबूच्या कण्याच्या वर दोन-तीन फूट गेलं पाहिजे, नाहीतर वाऱ्याने धूर उलटा फिरतो आणि ठिणग्या कापडावर पडतात. उंच वॉल टेंटला इतकं लांब गुंडाळी धुराडं वाऱ्यात लवतं, त्याला तीन तारांचा ताण द्यावा लागतो. पोलादी नळी या बाबतीत निर्धास्त. ठिणगी अडवणारी जाळी दोन्हींना सारखीच गरजेची.

स्टेनलेसच्या, पाय दुमडणाऱ्या मधल्या शेगड्या दहा किलोंच्या आसपास येतात. विनरवेल कंपनीच्या बऱ्याच दिसतात. दोघा-तिघांच्या आठ बाय दहाच्या तंबूला त्या पुरतात, गंजत नाहीत, वरचा भागही सपाट राहतो. निर्णयच होत नसेल तर ही घ्या.

माझा कौल असा: ट्रकने जाणाऱ्या चौघांच्या कॅम्पला पोलादी पत्रा, तोही घट्ट दाराचा. खेचरावर किंवा टोबोगनवर जाणाऱ्यांना टायटॅनियम, पण परवडेल तेवढ्या मोठ्या पोटाची. सर्वात लहान मापाची शेगडी कॅनव्हासच्या तंबूला पुरत नाही.

यातली कोणतीही घेतली तरी पहिला जाळ घरच्या अंगणात करा. गॅल्वनाइज्ड नळीवरचा जस्ताचा थर तापला की त्याचा धूर बाधतो, तो उघड्यावरच जाऊ द्या. गुंडाळी धुराडं पहिल्यांदा वळवताना जाड हातमोजे घाला, त्याची कड हात कापते. एकदा तापलं की ते आपला आकार धरतं आणि पुढे दोन माणसांत सहज उभं राहतं. निघायच्या आदल्या दिवशी त्या जंगलात आगबंदी लागू आहे का तेही पाहून घ्या, कारण ती असेल तर तंबूतली लाकडाची शेगडीही बहुधा पेटवता येत नाही.