पावले, गाणी आणि पुस्तके: नोंद वहीत ठेवावी, शीटमध्ये की अ‍ॅपवर?

तिन्ही गोष्टींसाठी एकच अ‍ॅप शोधत असाल, तर तो शोध इथेच थांबवलेला बरा. सवयींवर टिक लावायची अ‍ॅप ढिगाने आहेत. ‘आज वाचले’, ‘आज चाललो’ एवढे ती सांगतात. काय वाचले आणि ते कसे होते, हे नाही. मुळात या तिघांची जातकुळी वेगळी आहे. चालणे फोनला आपोआप कळते, गाणे अर्धवट कळते आणि छापील पुस्तक हातात घेऊन तुम्ही काय करता याचा त्याला पत्ताच नसतो. म्हणून माझा कौल आधीच सांगून टाकतो: चालणे फोनवर सोडा, वाचन स्वतः लिहा आणि संगीताची वाटणी करा. हा कौल सगळ्यांना लागू पडेलच असे नाही, तेव्हा कारणांसकट पर्याय बघू.

चालणे

इथे फार डोके लावायचे कारण नाही. आयफोनवर हेल्थ, अँड्रॉइडवर गूगल फिट किंवा सॅमसंग हेल्थ, यांतले जे फोनमध्ये असेल ते पुरते. पावले मोजायला जीपीएस लागत नाही; फोनमधला हालचाल ओळखणारा सेन्सर ते काम करतो आणि बॅटरीही फारशी खात नाही. वही इथे हरते ती मुंबईच्या एका खास कारणाने. आपली बरीचशी पावले ‘वॉकला जातो’ असे सांगून पडतच नाहीत. ती पडतात दादरला मध्य रेल्वेवरून पश्चिम रेल्वेवर जाताना, पूल चढता-उतरताना, स्टेशनपासून ऑफिसपर्यंत शेअर रिक्षाची रांग बघून केलेल्या पायपिटीत. वहीत तुम्ही शिवाजी पार्कच्या फेऱ्या लिहाल. पूल कोण लिहिणार?

आकडा मात्र तंतोतंत नसतो. गर्दीत इंच इंच सरकताना पावले कमी मोजली जातात, आणि फोन ऑफिसच्या टेबलावर असेल तर चहाच्या टपरीपर्यंतची खेप हिशेबातच येत नाही. ज्यांच्या कपड्यांना धड खिसा नसतो (म्हणजे बहुतेक बायका, शिंप्यांनी आणि ब्रँडवाल्यांनी यावर कधीतरी विचार करावा), त्यांना मनगटावरचा बँड सोयीचा. पण बँड हाताच्या हालचालीवरून पावले ओळखतो. त्या हातात भाजीची जड पिशवी असली आणि हात हलत नसला, तर मंडईतून घरापर्यंतची अर्धी पावले बुडाली म्हणून समजा. तेव्हा आपली या महिन्याची सरासरी आपल्याच मागच्या महिन्याच्या सरासरीशी ताडून बघावी. शेजाऱ्याच्या आकड्याशी नको, त्याचा फोन वेगळा आणि खिसाही वेगळा.

रोजच्या दहा हजार पावलांचा बाऊही करू नये. तो आकडा कुठल्या दवाखान्यातून आलेला नाही. 1964 च्या टोकियो ऑलिंपिकनंतर, 1965 च्या सुमारास, एका जपानी कंपनीने पावले मोजायचे यंत्र बाजारात आणले, त्याच्या नावातच दहा हजार पावले होती. 2022 मध्ये ‘लॅन्सेट पब्लिक हेल्थ’मध्ये पंधरा अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण छापून आले. त्यात साठीपुढच्यांना सहा ते आठ हजार पावलांपर्यंत आणि साठीच्या आतल्यांना आठ ते दहा हजारांपर्यंत फायदा वाढत गेलेला दिसला. त्यापुढे आलेख सपाट होतो. घरातल्या ज्येष्ठांसाठी हे ठरवत असाल, तर त्यांच्या फोनवर दहा हजारांचे लक्ष्य लावून त्यांना रोज नापास करू नका.

जीपीएसवर धावण्या-चालण्याची नोंद ठेवणारे स्ट्राव्हा कोणासाठी? वेग, चढ, रस्त्याचा नकाशा यांत ज्यांना रस आहे त्यांच्यासाठी: मॅरेथॉनची तयारी करणारे, पहाटे बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात जाणारे. नुसत्या चालणाऱ्याला त्याचा जाच जास्त. प्रत्येक वेळी सुरू करा, थांबवा. उंच इमारतींच्या गल्लीत जीपीएसची रेघ वेडीवाकडी जाते. पावसाळ्यात तुम्ही सोसायटीच्या पार्किंगमध्ये फेऱ्या मारता तेव्हा नकाशाला तसा अर्थही नसतो. आणि घेतलेच, तर पहिल्याच दिवशी सेटिंगमध्ये जाऊन घराजवळचा भाग लपवा. 2018 मध्ये स्ट्राव्हाच्या जगभरच्या नकाशावर परदेशांतल्या लष्करी तळांच्या आतल्या वाटा उजळलेल्या सापडल्या होत्या. सैन्याचे हे झाले, तर तुमच्या इमारतीचे गेट कळायला काय वेळ लागतो?

फोन घरी ठेवूनच चालायचे असेल तर वहीही चालते. शिवाजी पार्कच्या कट्ट्याची एक फेरी सव्वा किलोमीटरला जराशी कमी. मरीन ड्राइव्ह नरीमन पॉइंटपासून चौपाटीपर्यंत साडेतीन किलोमीटरच्या थोडे वर. नाहीतर नुसते घड्याळ बघा. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला 150 ते 300 मिनिटांचा मध्यम व्यायाम सांगते, त्यात पावलांचा आकडाच नाही.

संगीत

खरी गुंतागुंत इथे आहे. पर्याय ढोबळमानाने तीन: ज्या अ‍ॅपवर ऐकता त्याचाच वर्षअखेरचा हिशेब, लास्ट.एफएमसारखी फक्त नोंद ठेवणारी जागा, किंवा वही.

स्पॉटिफाय दर डिसेंबरला वर्षाचा आढावा देते. तो दिसायला झकास, स्टेटसला टाकायला त्याहून झकास. पण नोंद म्हणून कच्चा. एक तर वर्षाचे शेवटचे काही आठवडे त्यात धरलेलेच नसतात. दुसरे म्हणजे अकाउंट घरात एकच असेल तर बालगीते, स्वयंपाक करताना लावलेल्या गवळणी आणि गणपतीच्या दहा दिवसांतल्या आरत्या सगळ्या तुमच्याच नावावर जमा. तिसरे, रेडिओवर किंवा टीव्हीवर यूट्यूब लावून ऐकलेले त्यात नाहीच.

लास्ट.एफएम 2002 पासून चालू आहे. स्पॉटिफाय त्याला थेट जोडता येते; अँड्रॉइडवर इतर अ‍ॅपमधली गाणी पकडायला पॅनो स्क्रॉबलर आणि संगणकावर यूट्यूबसाठी वेब स्क्रॉबलर आहे. एकदा जोडले की विसरा. मोठा फायदा असा की उद्या तुम्ही अ‍ॅप बदलले तरी नोंद एकाच जागी राहते. ही शंका नुसती कल्पनेतली नाही. 2024 च्या जानेवारीत रेसो हे गाण्यांचे अ‍ॅप भारतातून बंद झाले आणि त्याच वर्षी एअरटेलने विंक म्युझिक गुंडाळायचे जाहीर केले. वर्षानुवर्षे जमवलेल्या याद्यांचे काय करायचे, हा प्रश्न ती अ‍ॅप वापरणाऱ्यांसमोर अचानक उभा राहिला.

पण लास्ट.एफएम बांधले आहे तीन-चार मिनिटांच्या गाण्यासाठी. त्याचा नियम असा: ट्रॅक तीस सेकंदांपेक्षा मोठा हवा आणि तो अर्धा, किंवा चार मिनिटे, यांतले जे आधी होईल तेवढा वाजला की नोंद झाली. आता पन्नास मिनिटांचा यमन राग लावा. चार मिनिटांत, विलंबित म्हणजे सुरुवातीचा संथ भाग अजून नीट रंगलाही नाही तोवर, ‘ऐकला’ असा शिक्का बसतो. पुढे तुम्ही झोपलात की पहाटेपर्यंत जागलात, यंत्राला सारखेच. आणि पूर्ण ऐकलात तरी त्याची किंमत एक. तेवढ्याच वेळात कोणी डझनभर सिनेगीते ऐकली तर त्याच्या खात्यात डझनभर. वर्षाच्या शेवटी यादी सांगते की तुम्ही सिनेसंगीतात बुडालेले आहात, आणि रोज रात्री तासभर ऐकलेला ख्याल तळाला कुठेतरी.

नावांचा गोंधळ वेगळाच. भीमसेन जोशी, पंडित भीमसेन जोशी, पं. टिंब टाकून भीमसेन जोशी, शिवाय रोमन लिपीतले प्रकार. यंत्राच्या लेखी हे सगळे वेगवेगळे कलाकार होऊ शकतात. मराठी नाट्यगीत आणि भावगीताचे तर हालच. गायक, संगीतकार, कवी यांपैकी कलाकाराच्या रकान्यात कोण बसेल याचा नेम नाही. आपण ‘खळ्यांची चाल’ म्हणून गाणे लक्षात ठेवतो. अ‍ॅपला खळे सापडतीलच असे नाही.

लिसनब्रेन्झ हा लास्ट.एफएमच्याच जातीचा, लोकांना कमी माहीत असलेला पर्याय. ना-नफा संस्थेचा, मुक्त स्रोत, तुमची माहिती केव्हाही उतरवून घेता येते. मात्र तिथली नोंद उघड असते, रात्री दोनला काय ऐकत होता हे कोणीही बघू शकते. ज्यांना यात गैर वाटत नाही, त्यांनी हेच घ्यावे.

तर माझी वाटणी अशी. सुटी गाणी यंत्राकडे. राग, पूर्ण मैफल, प्रत्यक्ष कार्यक्रम वहीत. दीनानाथ नाट्यगृहात किंवा एनसीपीएच्या सभागृहात ऐकलेले गाणे कोणतेही अ‍ॅप टिपणार नाही. कोणी गायले, कोणता राग, तबल्याला कोण, पेटीला कोण, आणि एखादी जागा आवडली असेल तर ती. लोकलमध्ये परतताना चार ओळी होतात. आणि त्या पुढे वाचाव्याशा वाटतात. लास्ट.एफएमची जुनी यादी मी तरी कौतुकाने वाचत बसत नाही.

शास्त्रीय संगीत तुम्ही ऐकतच नसाल, तर हे सारे सोडा, लास्ट.एफएम जोडा आणि मोकळे व्हा.

वाचन

वाचलेल्या पुस्तकांची नोंद ठेवणारे गुडरीड्स 2007 चे, 2013 पासून अ‍ॅमेझॉनचे. इंग्रजी वाचणाऱ्याला ते सोयीचे: पुस्तक शोधा, तारीख टाका, तारे द्या. स्टोरीग्राफ त्याहून नवे. त्यात पाव ताऱ्यापर्यंत बारकावा, पुस्तकाच्या मूडचे आणि गतीचे आलेख, आणि गुडरीड्सवरची यादी आयती उचलता येते. निव्वळ इंग्रजी वाचत असाल तर मी स्टोरीग्राफ सुचवीन.

मराठी वाचणाऱ्याचे गाडे मात्र पहिल्याच पायरीवर अडते. एकाच कादंबरीच्या देवनागरी आणि रोमन अशा दोन-तीन नोंदी सापडतात, त्यात एकाला मुखपृष्ठ नाही, दुसरीत लेखकाचे आडनाव चुकलेले. कितीतरी पुस्तके नाहीतच. बारकोड स्कॅन करावा म्हटले, तर ग्रंथालयातल्या बांधणी केलेल्या प्रतीला बारकोड कुठला? आयएसबीएनची पद्धतच 1970 च्या आसपासची. त्याआधीच्या पुस्तकांवर तो क्रमांक नसणारच. दादर सार्वजनिक वाचनालयातून किंवा 1898 साली स्थापन झालेल्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयातून पुस्तके आणणाऱ्याने प्रत्येक पुस्तक स्वतः भरायचे, तर मग ते अ‍ॅमेझॉनच्या वहीत का भरायचे?

दिवाळी अंकांचा प्रश्न आणखी अवघड. 1909 मध्ये ‘मनोरंजन’ने सुरू केलेली ही प्रथा मराठी वाचकाच्या वर्षाचा मोठा भाग व्यापते. आठ अंक घेतले, त्यातल्या दहा कथा आणि दोन लेख खरोखर वाचले. हे कोणत्या खान्यात? अ‍ॅपला पूर्ण पुस्तक हवे. वर्षाला अमुक पुस्तके असले लक्ष्य लावले, की मग जाडजूड चरित्र बाजूला पडते आणि हात आपोआप पातळ पुस्तकाकडे जातो.

म्हणून वाचनासाठी वही किंवा गूगल शीट. दोन्हींत निवड करायची तर वय बघू नका, प्रश्न बघा. ‘तेव्हा मला या पुस्तकाबद्दल काय वाटले होते’ हे जाणून घ्यायचे असेल तर वही. ‘वर्षात किती अनुवाद वाचले, किती कविता, कोणाचे पुस्तक अजून माझ्याकडेच आहे’ हे विचारायचे असेल तर शीट. रकाने थोडेच ठेवा: संपवल्याची तारीख, नाव, लेखक, अनुवादक, कुठून आणले, आणि एक वाक्य. ‘कुठून आणले’ हा रकाना वगळू नका. पुस्तक परत मागायचे की परत करायचे, हे वर्षभराने तोच सांगतो. दिवाळी अंकातल्या प्रत्येक कथेला वेगळी ओळ. फोनवर शीट भरणे कटकटीचे वाटले तर गूगल फॉर्म करून त्याचे चिन्ह होमस्क्रीनवर ठेवा. मराठीत बोलून टाइप करता येते, तेही बऱ्यापैकी नीट. विरारच्या गर्दीत नाही, पण फलाटावर नक्की.

शीटचा दुसरा गुण म्हणजे बाहेर पडायची वाट. गुडरीड्समधून यादी उतरवून शीटमध्ये ओतता येते, आणि स्पॉटिफायकडे तुमचा सगळा जुना इतिहास मागता येतो, फक्त तो यायला महिनाभर लागू शकतो. कोणतेही अ‍ॅप निवडा, ही उतरवायची सोय आधी शोधा. ती सापडली नाही तर पुढे जाऊ नका.

राहता राहिली श्राव्य पुस्तके. कानात मराठी कादंबरी लावून कार्टर रोडवर तासभर चालणाऱ्याने ती कुठे लिहावी, हा वाद मी ऐकला आहे आणि त्यात दम नाही असे माझे मत आहे. पावले फोनने मोजलीच. पुस्तक संपले की ते वाचनाच्या शीटमध्ये टाका, ‘कुठून आणले’ या रकान्यात ‘ऐकले’ लिहा, आणि अर्ध्यात सोडले असेल तर तेही लिहा, कितव्या प्रकरणाला सोडले त्यासकट.