साठ सेकंदांचा ढीग : ‘लाइन डिस्ने त्सुम त्सुम’

टोकियोच्या पूर्व भागातील निशी-कासाई येथे आम्ही राहतो आणि तोझाई मार्गाच्या गाडीने मी रोज सकाळी ओतेमाचीला कामावर जाते. गाडी आराकावा नदीचा पूल ओलांडून बोगद्यात शिरते आणि त्या पाव तासाच्या प्रवासात माझे ‘त्सुम त्सुम’ या मोबाइलवरच्या खेळाचे पाच डाव होतात. या भागात मराठी कुटुंबे बरीच आहेत, आणि पुण्या-मुंबईहून नव्याने आलेल्या आईवडिलांकडून मला एक प्रश्न हमखास येतो: शाळेतली सगळी मुले हा खेळ खेळतात, तर आमच्या मुलांच्या हाती तो द्यावा का? तीन वर्षे रोज खेळल्यानंतर या प्रश्नाचे उत्तर सविस्तर द्यावे, असे मला वाटते.

या खेळाचा उगम एका खेळण्यात आहे. ऑक्टोबर २०१३ मध्ये जपानमधील डिस्नेच्या दुकानांत मिकी, मिनी, पू वगैरे पात्रांच्या लहान, लांबट-गोल, पोटावर पालथ्या पडलेल्या कापडी बाहुल्या विकायला आल्या. त्या एकीवर एक रचता येतात. जपानी भाषेत ‘त्सुमू’ म्हणजे रचणे, आणि त्यावरून बाहुल्यांना ‘त्सुम त्सुम’ हे नाव मिळाले. जानेवारी २०१४ मध्ये ‘लाइन’ या संदेश-सेवेच्या कंपनीने त्याच बाहुल्यांवर मोबाइलवरचा मोफत खेळ आणला. रचण्याचा हा मूळ गुण खेळाच्या रचनेत जसाच्या तसा उतरला आहे, आणि खेळाचे खरे सामर्थ्य मला त्यातच दिसते.

तीन सारख्या गोष्टी जुळवून नाहीशा करण्याचे बहुतेक खेळ चौकटींच्या पटावर मांडलेले असतात. प्रत्येक गोष्ट आपापल्या घरात बसलेली असते आणि एक हलली की तिच्या जागी वरची सरळ खाली येते. ‘त्सुम त्सुम’मध्ये पटच नाही. पाच निरनिराळ्या पात्रांची डोकी, म्हणजेच त्सुम, वरून पडतात आणि परातीत ओतलेल्या लाडवांसारखी एकमेकांवर रेलून थांबतात. जवळजवळ असलेल्या तीन किंवा अधिक सारख्या डोक्यांवरून बोट न उचलता रेघ ओढली की ती नाहीशी होतात, आणि परातीतला मधलाच लाडू काढल्यावर बाकीचे जसे घरंगळतात तसा उरलेला ढीग घरंगळून नव्या जागी बसतो. पुढची जुळणी कोठे होईल हे आधीपासून पूर्ण हिशेबाने सांगता येत नाही, पण डोळा तयार झाला की ढीग कोणत्या बाजूला ढळणार याचा अंदाज येऊ लागतो. ती तयारी हळूहळू होते आणि ती होत असताना प्रत्यक्ष जाणवते. पहिल्या महिन्यात मला तिघांपलीकडे काही दिसत नसे. आता सात-आठांची साखळी ढिगाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत नजरेला आपोआप जोडली जाते.

सात किंवा अधिक डोक्यांची साखळी जोडली की एक बॉम्ब मिळतो, आणि त्याला स्पर्श केला की तो आजूबाजूचे त्सुम घेऊन फुटतो. सतत जुळणी करत राहिले की ‘फीव्हर’ सुरू होतो, म्हणजे रंग बदलतात, गुण भराभर वाढतात आणि हात आपसूक वेगाने चालू लागतो. नवा खेळाडू बॉम्ब मिळताच फोडून टाकतो. अनुभवी खेळाडू फीव्हर चालू असताना मिळालेले बॉम्ब राखून ठेवतो आणि फीव्हर ओसरताच ते फोडून पुन्हा लगेच फीव्हरमध्ये जातो. ही युक्ती मला शेजारच्या जपानी आजींनी शिकवली आणि त्या एका गोष्टीने माझे गुण जवळजवळ दुप्पट झाले. कोपऱ्यात पंख्याचे एक बटण आहे. ते दाबले की सारा ढीग घुसळला जातो आणि त्याला काही मोल पडत नाही, त्यामुळे ‘आता काही जुळत नाही’ म्हणून अडकून बसण्याची वेळ येत नाही.

डाव साठ सेकंदांचा असतो आणि या मर्यादेला मी फार महत्त्व देते. टप्प्याटप्प्याने पुढे जाणाऱ्या खेळांत एखाद्या अवघड टप्प्यावर आठवडाभर अडकून पडावे लागते आणि तेथेच पैसे भरण्याचा मोह होतो. येथे टप्पेच नाहीत. प्रत्येक डाव स्वतःपुरता पूर्ण असतो, आणि पुढचे स्थानक आले म्हणून फोन पिशवीत टाकताना काही अर्धवट राहिल्याची रुखरुख लागत नाही.

आपण निवडलेल्या पात्राला एक खास ‘स्किल’ असते आणि ढिगातली त्या पात्राची डोकी जितकी जास्त घालवावीत तितके ते लवकर भरते. मिकी पडद्याच्या मध्यभागातले सारे त्सुम एकदम साफ करतो. डोनाल्ड थोडा वेळ अशी सवलत देतो की एकटा त्सुमही नुसत्या स्पर्शाने जातो. पात्र बदलले की खेळण्याची पद्धत बदलावी लागते, आणि त्यामुळे मूळ नियम इतके साधे असूनही कंटाळा येत नाही. याच्या जोडीला पंचवीस घरांचे बिंगोचे कार्ड असते. त्यातली कामे पात्रांच्या रूपावरून दिलेली असतात, उदाहरणार्थ टोपी घातलेला किंवा गोल कानांचा त्सुम वापरून अमुक इतके गुण मिळवा. माझ्या चौथीतल्या मुलीचे जपानी वाचन शाळेच्या पुस्तकांइतकेच या कार्डांवर सुधारले, कारण कोणता त्सुम घ्यायचा हे समजण्यासाठी तिला प्रत्येक ओळ नीट वाचावीच लागते. पात्रांची नावे काताकाना लिपीत असतात आणि ओळखीचा चेहरा समोर असल्यामुळे अक्षर लक्षात राहते. आपल्याकडे नावापुढे ‘राव’ लावतात तशा आदराने जपानी लोक पू या अस्वलाच्या नावापुढे ‘सान’ लावतात आणि त्याला ‘पू-सान’ म्हणतात. हे मुलीला प्रथम कळले तेव्हा तिने घरातल्या अस्वलालाही तसेच हाक मारायला सुरुवात केली.

पात्रांचे आकर्षण हा भाग मी वेगळा काढू शकत नाही. माझ्या पिढीने डोनाल्डचे भाचे नव्वदच्या दशकात रविवारी दूरदर्शनवर हिंदीत बोलताना पाहिले आहेत. तेच चेहरे तळहाताएवढ्या पडद्यावर नुसते डोळे, नाक आणि कान एवढ्यावर ओळखू येतात, हे चित्रकाराचे मोठे कसब आहे. केवळ चिप आणि डेल या खारींची जोडी एकाच डावात आली की घोळ होतो. चिपचे नाक काळे आणि डेलचे लाल, एवढाच फरक घाईत टिपावा लागतो आणि चाळिशीच्या डोळ्यांना तो जड जातो.

आता बदामांविषयी. खेळात पत्त्यांतल्या बदामासारखी हृदये असतात आणि माझी आई त्यांना सरळ बदामच म्हणते, म्हणून मीही तोच शब्द वापरते. प्रत्येक डावाला एक बदाम खर्च होतो. जवळ पाच असतात आणि संपलेला प्रत्येक बदाम पंधरा मिनिटांनी भरून येतो, म्हणजे पाचही परत यायला सव्वा तास लागतो. मुलांच्या बाबतीत ही मर्यादा उपकारकच आहे. मात्र लाइनवरचे स्नेही एकमेकांना बदाम पाठवू शकतात आणि पाठवणाऱ्याचा स्वतःचा बदाम त्यात कमी होत नाही. जपानमध्ये घर, शाळा, कचेरी यांचा सारा संवाद लाइनवर चालत असल्यामुळे ही देवघेव फार सहज होते. येथे आल्यावर पहिल्या वर्षी शेजाऱ्यांशी माझे बोलणे नमस्कार आणि हवामान यांपलीकडे जात नव्हते. शेजारच्या आजींकडून एके दिवशी बदाम आला, मी उलट पाठवला, आणि पुढे उद्वाहनात भेट झाली की बोलायला विषय मिळाला. भाषा अडखळत असताना असा निमित्ताचा धागा किती मोलाचा असतो, हे परक्या गावात संसार मांडलेल्यांना सांगायला नको. ज्यांना बदामांचे संदेश नको असतील त्यांच्यासाठी ते बंद करण्याची सोय खेळाच्या सेटिंगमध्ये आहे आणि ती आवर्जून पाहावी.

खेळाची दुसरी बाजू म्हणजे पेट्या. नवे त्सुम मिळवायचे तर नाणी देऊन पेटी उघडायची, आणि आत कोण निघेल ते नशिबावर असते. जुन्या ओळखीच्या पात्रांची ‘हॅपिनेस’ पेटी १०,००० नाण्यांना आणि बाकीच्यांची ‘प्रीमियम’ पेटी ३०,००० नाण्यांना मिळते. माझ्यासारख्या मध्यम खेळाडूला एका साध्या डावात अडीचशेच्या आसपास नाणी मिळतात. या हिशेबाने एका प्रीमियम पेटीसाठी १२० डाव लागतात, म्हणजे सकाळ-संध्याकाळ पाच-पाच डाव खेळले तर बारा दिवस. बक्षिसांची आणि बिंगोची नाणी धरून हा काळ थोडा कमी होतो. पण डावाआधी मदतीच्या वस्तू घेत राहिले तर तो वाढतो. पाचऐवजी चारच पात्रे पाडणारी वस्तू १,८०० नाण्यांची आहे. तिने साखळ्या लांब होतात हे खरे, परंतु साध्या खेळाडूची तेवढी नाणी त्या डावात परत येत नाहीत. माझा सल्ला असा की बिंगोचे एखादे अवघड घर अडले असेल तरच ती घ्यावी.

यातली मेख अशी आहे की एखाद्या त्सुमचे स्किल वाढवायचे तर तोच त्सुम पेटीतून पुन्हा पुन्हा निघावा लागतो, आणि दर महिन्याला नवे त्सुम येत असल्यामुळे प्रीमियम पेटीतली गर्दी वाढतच जाते. गर्दी वाढली की हवा तोच निघण्याची शक्यता घटते. पैसे देऊन घेतलेल्या माणकांची नाणी करता येतात, तेव्हा वाट पाहण्याचा कंटाळा आलेल्याला पैसे भरण्याचा मार्ग नेहमी उघडा असतो. जपानमध्ये या पद्धतीला ‘गाचा’ म्हणतात. दुकानांबाहेर ठेवलेल्या, नाणे टाकून दांडा फिरवला की प्लॅस्टिकच्या गोळ्यात खेळणे देणाऱ्या यंत्रांवरून तो शब्द आला. ठरावीक वस्तूंचा पूर्ण संच जमवल्यावरच मोठे बक्षीस देणारा गाचाचा एक प्रकार येथील ग्राहक व्यवहार संस्थेने २०१२ मध्ये बेकायदा ठरवला. साधा गाचा मात्र चालू आहे. ॲपलने २०१७ च्या अखेरीस आणि गूगलने २०१९ मध्ये आपापल्या दुकानांतील खेळांना अशा पेट्यांतून काय निघण्याची शक्यता किती, हे जाहीर करणे बंधनकारक केले. ते आकडे मुलांबरोबर बसून एकदा वाचावेत. माझ्या मुलीला टक्केवारीचा अर्थ मी याच यादीवरून समजावला, आणि लहान दशांशातल्या त्या आकड्याची पेटी उघडायला १२० डाव लागतात हे लक्षात आल्यावर तिने स्वतःच कागदावर हिशेब मांडला.

म्हणून मूळ प्रश्नाला माझे उत्तर असे की खेळ जरूर द्यावा, पण फोनवरील खरेदीला पासवर्ड लावून मगच द्यावा, आणि पेटी उघडण्याचा दिवस आधी ठरवून घ्यावा. आमच्या घरी तो महिन्याचा शेवटचा रविवार असतो. त्या दिवशी जमलेल्या नाण्यांत जितक्या पेट्या येतील तितक्या आम्ही दोघी मिळून उघडतो, आणि निघालेल्या त्सुमची नोंद मुलगी वहीत करते. पैसे न भरता खेळणाऱ्याला खेळातला कोणताही महत्त्वाचा भाग बंद राहत नाही, हे तीन वर्षांच्या अनुभवावरून मी खात्रीने सांगते. गुणांच्या यादीत वरचे स्थान मिळत नाही, इतकेच. आणि ती यादीही दर आठवड्याला नव्याने सुरू होते.

गाडीत खेळणाऱ्यांसाठी एक व्यवहाराची गोष्ट. उभे राहून एका हाताने खेळताना अंगठ्याखाली ढिगाचा खालचा भाग झाकला जातो आणि लांब साखळी मध्येच तुटते. बसायला जागा मिळाली तर फोन मांडीवर ठेवून तर्जनीने खेळावे. आवाज अर्थात बंद ठेवावा. येथे तो शिष्टाचारच आहे.

भारतातील वाचकांनी हे ध्यानात घ्यावे की जपानी आवृत्ती आणि बाहेरच्या देशांसाठीची आवृत्ती या वेगळ्या आहेत आणि एकीतल्या खेळाडूला दुसरीतल्याला बदाम पाठवता येत नाहीत. शिवाय आपल्याकडे सारे व्हॉट्सॲपवर असल्यामुळे लाइनवरचे स्नेही मिळणे कठीण. बदामांची देवघेव वगळता उरतो तो केवळ ढीग आणि साठ सेकंदे. तेवढ्यानेही तो चांगलाच खेळ राहतो, पण मी वर्णन केलेला निम्मा आनंद त्यात नाही.

माझी आई गेल्या उन्हाळ्यात सांगलीहून तीन महिन्यांसाठी आली होती. दुपारी मी आणि मुलगी घराबाहेर, भाषा परकी, दूरचित्रवाणी कळत नाही, अशा वेळी मुलीने तिला माझ्या जुन्या फोनवर हा खेळ शिकवला. जपानी एक अक्षर न येता आई तो खेळू लागली, कारण समजून घ्यायचे ते सारे चेहऱ्यांत होते. ‘अगं, तळाचा काढला की वरचे आपोआप जवळ येतात बघ,’ असे तिनेच मला दाखवले. परत जाताना तो फोन ती घेऊन गेली. सांगलीचे घड्याळ आमच्या साडेतीन तास मागे असते. तेथे सकाळी सहाला चहा झाला की ती डाव मांडते, आणि येथे साडेनऊला कचेरीत जागेवर बसताना माझ्या फोनवर तिचा बदाम आलेला असतो.