‘दहाची’ म्हणून गळ्यात मारलेली नऊची सळई : छोट्या फुटिंगमध्ये फसवणूक कुठे होते

गेटचा खांब, पत्र्याच्या शेडचा पोस्ट किंवा टाकीचं स्टँड यासाठी स्वतःच फुटिंग (खांबाखालचा काँक्रीटचा पाया) टाकणारा माणूस सिमेंटची पोती मोजून घेतो, वाळू हातात चोळून बघतो. सळई घेताना मात्र तो ‘दहाची द्या’, म्हणजे १० मिलिमीटर व्यासाची, एवढंच म्हणतो. फसवणूक तिथेच सुरू होते, कारण हा माल दोन दिवसांत काँक्रीटखाली जातो आणि मग तो उघडून बघायला कोणी येत नाही.

सगळ्यात सफाईदार प्रकार व्हर्नियरचा, म्हणजे जबड्यात धरून जाडी मोजायच्या मापाचा. गिऱ्हाईक शंका घेतं, विकणारा लगेच व्हर्नियर काढतो, सळईला लावतो आणि काटा दहावर दाखवतो. आकडा खरा असतो, पण व्हर्नियरचे जबडे बसलेले असतात रिबवर. रिब म्हणजे काँक्रीटमध्ये पकड यावी म्हणून सळईवर असलेले तिरके उंचवटे. दोन्ही बाजूंचे उंचवटे धरले की नऊची सळईसुद्धा दहाच्या आसपास भरते. खऱ्या दहाच्या सळईवर रिबसकट मोजलं तर आकडा दहाच्या बराच वर, अकराच्या जवळ जायला हवा, आणि दोन रिबच्या मधे मोजलं तर दहाच्या किंचित खाली. म्हणजे व्हर्नियर दोन्हीकडे चकवतो. सळईचा व्यास वजनावरून ठरतो, दुसऱ्या कशावरून नाही.

हिशेब अगदी सोपा आहे. मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग करायचा आणि त्याला १६२ ने भागायचं, की एका मीटरचं वजन किलोत मिळतं. दहाची सळई मीटरला ६१७ ग्रॅम, नऊची ५००, आठची ३९५, बाराची ८८९. विकत घेण्याआधी बरोबर १ मीटरचा तुकडा कापून मागा, माती आणि सुटा गंज पुसा आणि स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवा. काट्यावर आधी एक वाटी पालथी घालून आकडा शून्य करायचा आणि मग सळई मधोमध आडवी ठेवायची, म्हणजे ती टेबलाला टेकत नाही. कापताना १ सेंटीमीटर इकडेतिकडे झालं तर फक्त ६ ग्रॅमचा फरक पडतो, त्यामुळे तुकडा थोडा चुकला म्हणून निकाल बदलत नाही. कारखान्यातून निघालेल्या बारीक सळईत काही टक्के कमी-जास्त असतंच, पण दहाच्या नावाचा मीटर ५७५ ग्रॅमच्या खाली गेला तर तो माल उचलू नये. तुकडा कापायला नकार मिळाला तर अख्खी १२ मीटरची सळई काट्यावर चढवा. ती ७.४ किलो भरली पाहिजे.

१ मिलिमीटरचा फरक किरकोळ वाटतो, पण सळईचं काम तिच्या छेदाच्या क्षेत्रफळावर चालतं. दहाच्या सळईचं क्षेत्रफळ ७८.५ चौरस मिमी, नऊचं ६३.६, आठचं ५०.३. नऊची टाकली की जवळपास पाचवा हिस्सा गेला आणि आठची टाकली की तिसऱ्या हिश्श्याहून जास्त गेला. नगावर विक्री होते तिथे ही चोरी हमखास सापडते, कारण विकणाऱ्याला पातळ सळईत थेट नफा असतो. सुताच्या भाषेनेही घोळ होतो. तीन सुती म्हणजे पाऊण सेंटीमीटर नव्हे आणि नेमके दहा मिलिमीटरही नव्हे. तीन अष्टमांश इंच म्हणजे साडेनऊ मिलिमीटर, आणि तिचा मीटर ५६० ग्रॅम भरतो. बोलताना ‘तीन सुती म्हणजे दहाचीच’ असं दोघंही म्हणतात, बिल मात्र दहाचं होतं. बिलावर मिलिमीटर आणि किलो दोन्ही लिहून घ्या.

आता खड्ड्याकडे येऊ. १ मीटर लांब, १ मीटर रुंद, ३०० मिमी जाड फुटिंग धरा. कडेला ५० मिमी कव्हर, म्हणजे सळईबाहेरचं काँक्रीट, सोडलं की सळई ९०० मिमीची. १५० मिमी अंतराने एका दिशेला ७ आणि दुसऱ्या दिशेला ७, एकूण १४ तुकडे, १२.६ मीटर, पावणेआठ किलो. इथे एक गंमतीशीर वाटणारी पण महागात पडणारी गोष्ट होते. १२ मीटरच्या एका सळईतून ९०० मिमीचे १३ तुकडे निघतात, चौदावा निघत नाही. फिटर, म्हणजे सळई बांधणारा, दुसरी सळई फोडत नाही, ‘एक कमी चालतो’ म्हणतो, आणि मग एका दिशेचं अंतर आपोआप वाढतं. हा नुसता आळस. खरी चोरी तेव्हा होते जेव्हा आठची सळई येते आणि सातऐवजी पाचच बांधल्या जातात. एका दिशेला ५५० चौरस मिमीच्या जागी २५१ उरतं, निम्म्याहूनही कमी. वरून बघितलं तर जाळी जाळीसारखीच दिसते. म्हणून टेप लावूनच मोजायचं, नजरेने नाही.

टोकांचंही बघा. छोट्या फुटिंगमध्ये खांबापासून कडेपर्यंत लांबी कमी मिळते, म्हणून सळईची टोकं वर वाकवून पकड वाढवतात. दोन्ही टोकं १५० मिमी वाकवायची तर तुकडा १.२ मीटरचा लागतो. बिलात १.२ मीटर आणि खड्ड्यात ९०० मिमीचा सरळ तुकडा, असं झालं तर १४ तुकड्यांत ४.२ मीटर, म्हणजे अडीच किलोपेक्षा जास्त स्टील गायब झालेलं असतं.

वजन बरोबर असूनही माल वाईट असू शकतो. भंगारातल्या लोखंडापासून पुन्हा लाटलेली सळई ठिसूळ निघते. ४० मिमी व्यासाचा पाइप घट्ट पकडून दहाची सळई त्याभोवती हळू काटकोनात वाकवा आणि बाहेरच्या बाजूला रिबच्या मुळाशी नख फिरवा. बारीक आडवी चीर लागली तर तो गठ्ठाच नको. जुन्या बांधकामातून काढलेल्या, आगीत तापवून सरळ केलेल्या सळयाही नव्या म्हणून येतात. टीएमटी सळईची (लाटल्यावर पाण्याने झटकन थंड केलेली, आजची नेहमीची सळई) ताकद तिच्या कडक बाहेरच्या थरात असते आणि तापवलं की तो थर मऊ पडतो. निळसर-काळे डाग आणि सळईला किंचित लहर दिसली की समजायचं. सिमेंटची खळ किंवा काळा रंग फासलेली सळई तर घेऊच नये. फडक्याने पुसून निघणारा नारिंगी गंज चालतो, पण पापुद्रे सुटणारा गंज म्हणजे लोखंड तेवढं खाल्लं गेलंय.

मजुरीवर दिलेल्या कामात फसवणूक मालात नसते, सळई कुठे बसवली त्यात असते. खांब वरून दाबतो, माती खालून वर रेटते, त्यामुळे फुटिंगच्या कडा वर उचलल्या जाऊ पाहतात आणि तळ ताणला जातो. काँक्रीट दाबाला भक्कम, पण ताणाला त्याच्या साधारण दहाव्या हिश्श्याएवढंच. म्हणून जाळी तळाजवळ हवी, पण मातीला चिकटून नको. ‘ओतता ओतता आकड्याने वर ओढतो’ हे वाक्य ऐकलं की काम थांबवा. ओढलेली जाळी माणसाच्या पायाखाली पुन्हा बसते. जाळीखाली टेकू म्हणून विटेचे तुकडेही नकोत, ते पाणी शोषून गंजाला सळईपर्यंत वाट देतात. पीसीसीवर (खड्ड्याच्या तळाशी टाकलेल्या, सळई नसलेल्या काँक्रीटच्या थरावर) ५० मिमीचे, थेट मातीवर ७५ मिमीचे सिमेंटचे कव्हर ब्लॉक, साधारण अर्ध्या मीटरवर एक.

खांबाच्या उभ्या सळया हा सगळ्यात वाईट प्रकार. बाराच्या चार सळया खाली ३०० मिमी काटकोनात वाकवून, जाळीवर बसवून, रिंगने बांधून उभ्या असायला हव्यात आणि फुटिंगच्या वर ६०० मिमी जोडासाठी मोकळ्या. त्याऐवजी ओल्या काँक्रीटमध्ये सरळ तुकडे खोचतात. खोचताना खडी बाजूला सरकते आणि सळईभोवती पाणचट खळ उरते. पकड नाही, ओळंबाही नाही. काँक्रीट यायच्या आधी या चार सळया उभ्या दिसल्या नाहीत तर ओतू देऊ नका.

उलटी फसवणूकही असते, तीही सांगितली पाहिजे. १५० मिमीच्या खांबाखाली ४०० × ४०० × ४०० मिमीचा ठोकळा असेल, भार हलका आणि जमीन घट्ट असेल, तर खांबाच्या बाहेर फुटिंग फक्त १२५ मिमी येतं, जाडीच्या निम्म्याहूनही कमी. तिथे जाळी लागत नाही. फक्त खाली दाबणारा भार असेल तर वरची दुसरी जाळीही बहुतेक वेळा उगीच विकलेली असते. उंच फलकासारखं, वाऱ्याने उपटलं जाणारं काम असेल तर मात्र ती लागते. आणि प्लॅस्टिक फायबरचं पाकीट ‘सळईऐवजी’ म्हणून दिलं तर घेऊ नका. ते ओल्या काँक्रीटच्या बारीक तड्या आवरतं, ताणाचा भार उचलत नाही. घराच्या खांबांचं फुटिंग असेल तर आकडे इंजिनिअरकडूनच घ्या, वरचे आकडे तिथे लावू नका.

पातळ सळई खड्ड्यात बांधून झाल्यावर लक्षात आली आणि विकणारा परत घेत नाही, तर काँक्रीट ओतायच्या आधी अजून हातात उपाय आहे. क्षेत्रफळ भरून काढायचं. वरच्या फुटिंगमध्ये एका दिशेला ५५० चौरस मिमी हवं, म्हणजे नऊच्या सळया सातऐवजी ९ लागतील, अंतर सुमारे ११० मिमी. आठच्या असतील तर ११, अंतर ९० मिमी, त्यातून २० मिमीची खडी नीट खाली उतरते. दोन्ही दिशांना तेवढ्याच. हे करायचं ते वाकवून न चिरलेल्या सळईलाच. जिला चीर गेली ती कितीही जास्त टाकली तरी उपयोग नाही, ती जाळीच्या गाठी सोडून बाहेरच काढावी लागते.