नेक्रोनॉमिकॉन की ‘द किंग इन यलो’: आधी काय वाचावं?

भयकथेतल्या निषिद्ध पुस्तकांचा विषय निघाला की दोन नावं हमखास येतात. एक एच. पी. लव्हक्राफ्टचं ‘नेक्रोनॉमिकॉन’, दुसरं रॉबर्ट डब्ल्यू. चेंबर्सच्या कथांमधलं ‘द किंग इन यलो’ हे नाटक. ही दोन्ही पुस्तकं काल्पनिक आहेत, कथेतल्या पात्रांच्याच हाती लागणारी. आपल्याला वाचायच्या असतात त्या त्यांच्याभोवतीच्या कथा. यातलं आधी काय घ्यावं, हे तुम्हाला भीती कशाची वाटते यावर ठरतं.

लव्हक्राफ्टने आपल्या पुस्तकाला चक्क इतिहास दिला. १९२२ साली लिहिलेल्या ‘द हाउंड’ या कथेत नेक्रोनॉमिकॉनचं नाव पहिल्यांदा आलं आणि १९२७ मध्ये त्याने त्याची सनावळीच लिहून काढली. येमेनमधल्या सना शहरातला वेडा कवी अब्दुल अल्हझ्रेद दमास्कसमध्ये हे पुस्तक लिहितो. ७३८ साली भर दिवसा, लोकांच्या डोळ्यांदेखत, एक अदृश्य प्राणी त्याला फाडून खातो. ९५० मध्ये ग्रीक भाषांतर, १२२८ मध्ये लॅटिन, १२३२ मध्ये पोपची बंदी. उरलेल्या प्रतींमधली एक ब्रिटिश म्युझियममध्ये, एक हार्वर्डमध्ये, एक अर्कहम या काल्पनिक गावातल्या मिस्कॅटॉनिक विद्यापीठात. खऱ्या ग्रंथालयांच्या रांगेत खोटं ग्रंथालय इतकं बेमालूम बसवलंय की लोक लव्हक्राफ्टला पत्र लिहून विचारायचे, हे पुस्तक खरंच आहे का?

त्याचा सगळ्यात चांगला वापर ‘द डनिच हॉरर’ (१९२९) मध्ये आहे. विल्बर व्हेटली नावाचा अवाढव्य, ओंगळ तरुण घरातली फाटकी इंग्रजी प्रत घेऊन मिस्कॅटॉनिकच्या ग्रंथालयात येतो. त्याच्या प्रतीत ७५१ व्या पानावरचा मजकूर धड नाही, म्हणून तो लॅटिन प्रतीशी ताडून बघतोय. ग्रंथपाल आर्मिटेज त्याच्या खांद्यावरून ते पान वाचतो आणि पुस्तक घरी न्यायला साफ नकार देतो. मला यात विलक्षण वाटतं ते असं की पुढे संकट ओढवल्यावर आर्मिटेजही तोडगा शोधायला याच पुस्तकाकडे वळतो. म्हणजे नेक्रोनॉमिकॉन हे हत्यार आहे. ते कुणाच्या हातात पडतं, यावर सगळं अवलंबून.

चेंबर्सच्या नाटकाचं तसं नाही. ते कुणाच्याच उपयोगाचं नाही. त्याचा पहिला अंक निरुपद्रवी आहे आणि दुसरा वाचला की माणूस संपतो. ‘द किंग इन यलो’ याच नावाच्या त्याच्या १८९५ च्या कथासंग्रहातली पहिलीच कथा ‘द रिपेअरर ऑफ रेप्युटेशन्स’ बघा. कथा सांगणारा हिल्ड्रेड पहिला अंक संपल्यावर पुस्तक शेकोटीत भिरकावतो. ते जाळीवर आपटून बाहेर पडतं, उघडतं, आणि जाळाच्या उजेडात दुसऱ्या अंकाचे पहिले शब्द त्याच्या नजरेला पडतात. तेवढं पुरतं. पुढे तो जे काही सांगतो त्यातलं खरं किती, हे शेवटपर्यंत कळत नाही. दुसऱ्या अंकात काय आहे, हे चेंबर्स आपल्याला कधीच सांगत नाही. हा संयम लव्हक्राफ्टला जमलेला नाही. तो उतारेच्या उतारे देतो. ते उतारे दमदार आहेत, पण भीती थोडी उतरते.

भाषेचाही विचार करा. लव्हक्राफ्टची वाक्यं लांबलचक आणि विशेषणांनी लगडलेली असतात. डनिचच्या गावकऱ्यांची बोली तो उच्चाराप्रमाणे लिहितो, तिथे इंग्रजी चांगलं असलेलाही अडखळतो. शिवाय परक्या वंशांच्या लोकांबद्दलचा त्याचा तिरस्कार अनेक कथांत उघड दिसतो, आणि तो खटकायलाच हवा. चेंबर्स हलका, वेगवान आहे. मात्र त्याच्या संग्रहातल्या दहा कथांपैकी पहिल्या चारच या नाटकाच्या आहेत. शेवटी शेवटी तर पॅरिसमधल्या चित्रकारांच्या प्रेमकथा लागतात. भयासाठी घेतलं असेल तर चौथ्या कथेवर थांबलात तरी चालेल.

नारायण धारपांच्या कथेवरून सुचलेला ‘तुंबाड’ (२०१८) हा चित्रपट ज्यांनी पाहिलाय त्यांना चेंबर्समध्ये ‘हस्तूर’ हे नाव भेटलं की त्यातला हस्तर आठवेलच. चेंबर्सने ‘हस्तूर’ हे नाव अँब्रोज बिअर्स या अमेरिकी लेखकाकडून उचललं आणि लव्हक्राफ्टने चेंबर्सकडून.

माझा कौल असा: गूढ ग्रंथ, जुनी ग्रंथालयं, विश्वाच्या पलीकडचं काहीतरी हे आवडत असेल तर ‘द डनिच हॉरर’ने सुरुवात करा. एका बैठकीत संपणारं आणि मनातून न जाणारं हवं असेल तर चेंबर्सच्या संग्रहातली चौथी कथा ‘द यलो साइन’ घ्या. अगदीच ठरत नसेल तर ‘यलो साइन’ आधी. दोन्ही लेखकांचं साहित्य भारतात प्रताधिकारमुक्त आहे, तेव्हा नेटवरून फुकट आणि रीतसर मिळतं.

लव्हक्राफ्टची छापील प्रतच हवी असेल तर अनुक्रमणिका बघून घ्या. ‘नेक्रोनॉमिकॉन’ याच नावाचं, ‘सायमन’ या टोपणनावाने १९७७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये निघालेलं एक पुस्तक आजही विकलं जातं. त्यात सुमेरियन-बॅबिलोनियन देवतांचे मंत्र आणि लव्हक्राफ्टची नावं यांची सरमिसळ आहे, लव्हक्राफ्टची कथा एकही नाही. ‘डनिच हॉरर’ यादीत नसेल तर ती प्रत परत ठेवा.