रोजच्या स्पोर्ट्स कारसाठी सीट: साताऱ्याच्या रस्त्यांवर कुठली बसते, कुठली बोचते

मऊ सीट म्हणजे आरामदायी सीट, हा समज स्पोर्ट्स कारच्या बाबतीत फार महागात पडतो. या गाड्यांचं सस्पेन्शन कडक, टायरची भिंत जेमतेम बोटभर, त्यामुळे रस्त्याचा प्रत्येक दणका सीटपर्यंत पोचतो. मऊ फोम स्पीडब्रेकरवर पूर्ण दबतो आणि खालच्या पत्र्याला टेकतो. त्यात बैठक खाली आणि पाय पुढे पसरलेले. अशा वेळी मांड्यांना खालून आधार नसेल तर अंगाचा सगळा भार माकडहाडावर येतो. म्हणून आम्ही सीट जोखताना गादीचा मऊपणा सगळ्यात शेवटी पाहतो. आधी बघायचं ते बैठकीचा उतार, मग बैठकीची लांबी, मग कमरेचा आधार.

साताऱ्यात रोज गाडी वापरायची म्हणजे तीन वेगळ्या मागण्या एकाच सीटकडून करायच्या. पोवई नाका ते राजवाडा या पट्ट्यात दिवसातून चारदा चढ-उतर, शिवाय मान वळवून दोन्हीकडचं बघावं लागतं. शेंद्रे, नागठाणे, उंब्रज करत कराडला जायचं तर 50 किलोमीटरचा हायवे, तिथे पाठ आणि मांडी. आणि यवतेश्वर किंवा पसरणी घाटात सलग वळणं, तिथे बाजूचे उंचवटे, म्हणजे बोल्स्टर. ट्रॅकसाठी बनवलेली सीट यातलं तिसरं काम उत्तम करते आणि पहिल्या दोघांना वाऱ्यावर सोडते.

सुरुवात पोर्शे 718 पासून करू, कारण एकाच गाडीत चार तऱ्हेच्या सीट असल्यामुळे फरक स्वच्छ कळतो. साध्या स्पोर्ट्स सीटमध्ये फक्त सीटची पाठ विजेवर हलते, पुढे-मागे आणि उंची हाताने. हिची घडण मुळात चांगली आहे, पण बैठकीचा उतार आणि लांबी बदलता येत नाही. मध्यम उंचीच्या माणसाला ही चालून जाते. सहा फुटी माणसाची अर्धी मांडी मात्र हवेत राहते आणि अर्ध्या तासात कंबर बोलायला लागते.

14-वे, म्हणजे चौदा तऱ्हेने विजेवर हलणाऱ्या सीटमध्ये पुढे-मागे, उंची, बैठकीचा उतार, बैठकीची लांबी, पाठीचा कोन आणि कमरेच्या आधाराच्या चार दिशा येतात. रोजच्या वापरासाठी पैसे टाकायचे तर इथे टाका. 18-वे मध्ये यावर भर पडते ती बैठकीचे आणि पाठीचे बोल्स्टर आत-बाहेर करण्याची. शहरात बोल्स्टर उघडे ठेवा, यवतेश्वरला चढताना आवळा. चैन आहे, पण एकच गाडी दोन वेगळ्या अंगाची माणसं चालवत असतील तर ही चैन रोज कामाला येते. चौथी फुल बकेट, म्हणजे अंगाला कवचासारखी वेढणारी सीट. पाठीचा कोन कायमचा ठरलेला, उंची विजेवर, पुढे-मागे हाताने. अंगाला बसली तर हिच्यासारखी सीट नाही आणि नाही बसली तर कुठल्याही बटणाने बसणार नाही. पेट्रोल 718 चं उत्पादन 2025 मध्ये थांबलं, त्यामुळे आता वापरलेलीच गाडी बघावी लागते. जाहिरातीत रंग आणि अलॉय ठळक छापलेले असतात, सीट कुठली ते बटणांचे फोटो मागवूनच कळतं.

बीएमडब्ल्यू एम3 आणि एम4 च्या नेहमीच्या एम सीट दिसायला भारदस्त असल्या तरी लांबच्या प्रवासाला उत्कृष्ट आहेत. पाठीची रुंदी बटणावर बदलते, मांडीखालचा भाग पुढे ओढता येतो. याच गाड्यांची कार्बन बकेट सीट दोन्ही मिळून साधारण 9.6 किलो वजन वाचवते. पावणेदोन टनांच्या आसपासच्या गाडीत एवढ्या वजनाने कराडला लवकर पोचता येत नाही! तिच्या बैठकीत दोन मांड्यांच्या मधोमध कार्बनचा उंचवटा आहे. चालवताना तो फारसा जाणवत नाही, उतरताना जाणवतो, कारण माणूस सवयीने आधी बुड सरकवतो आणि नेमका त्या उंचवट्यावर टेकतो. साडी नेसलेल्या बाईंना किंवा गुडघे दुखणाऱ्या वडीलधाऱ्यांना या सीटवरून उतरवणं म्हणजे कसरत आहे. घरात एकच गाडी असेल तर कार्बनचा नाद सोडा.

बाहेरून सीट बसवणाऱ्यांची गाडी बहुधा रेकारो या सीट बनवणाऱ्या कंपनीवर येऊन थांबते. 'पोल पोझिशन' ही अखंड पाठीची बकेट. पकड जबरदस्त. पण खांद्याशी बाहेर आलेल्या पंखांमुळे कोपर आखडतं, पाठीचा कोन बदलत नाही आणि अशा सीटचा माथा हेल्मेट गृहीत धरून घडवलेला असल्यामुळे बिनहेल्मेटचं डोकं त्याला टेकत नाही. मागून कुणी ठोकलं तर मान आधी मागे फेकली जाते, आधार नंतर मिळतो. 'स्पोर्टस्टर सीएस' मध्ये पाठ मागे-पुढे होते, पकड बकेटच्या जवळ जाणारी आहे. दोन्ही बाजू सांभाळणारी सीट हवी असेल तर हीच. 'एर्गोमेड' नावाने गोंधळू नका, ती दवाखान्यातली खुर्ची नव्हे. कमरेचा आधार बारकाईने जुळवता येतो आणि ज्याला आधीपासून पाठीचा त्रास आहे त्याने स्पोर्टस्टरच्या आधी ती बघावी. घाटातली पकड थोडी कमी, पण रोजचे शंभर किलोमीटर असतील तर सौदा फायद्याचाच.

कुठलीही सीट घेण्याआधी त्यात निदान अर्धा-पाऊण तास बसून राहा, शक्यतो गाडी चालवत. पाच मिनिटांत कुठलीही सीट खोड दाखवत नाही. बसण्याचा क्रमही ठरलेला आहे. मागच्या खिशातलं पाकीट आधी बाहेर काढा, नाहीतर कंबर एका बाजूला कलते आणि दोष सीटवर जातो. बूड पार मागे सरकवा. क्लच तळापर्यंत दाबा, किंवा क्लच नसेल तर डावा पाय फूटरेस्टवर पूर्ण टेकवा. तरीही गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. खांदे सीटच्या पाठीला टेकलेले असताना हात सरळ केल्यावर मनगट स्टीअरिंगच्या वरच्या कडेवर यावं. डोकं आणि छत यांत मूठभर जागा ठेवा. मग बैठकीची पुढची कड उचला, मांडीला टेकेल इतपतच. गुडघ्यामागे दोन-तीन बोटं सहज जायला हवीत. कमरेचा आधार पूर्ण बंद करून तिथून हळूहळू वाढवा. बहुतेक लोक हे उलटं करतात, म्हणजे आधी कमरेचा आधार फुगवतात, मग त्यामुळे बूड पुढे सरकतं आणि उरलेली सगळी मापं चुकतात.

दुखणं कुठे आणि किती वेळाने सुरू होतं यावरून दोष ओळखता येतो. वीस मिनिटांत मांडीला मुंग्या आल्या तर पुढची कड फार वर आहे किंवा बैठक फार लांब आहे. माकडहाड दुखलं तर बैठक सपाट आहे आणि तुम्ही घसरत पुढे येताय. खांदे भरून आले तर सीटची पाठ फार मागे रेललेली आहे. खुब्याच्या बाहेरच्या बाजूला रग लागत असेल तर बोल्स्टर अरुंद आहेत, आणि यावर उपाय नाही, दुसरी सीट बघा. अखंड बकेट मागवण्याआधी कडक खुर्चीवर बसून खुब्याची रुंदी मोजून घ्या. सीटच्या आतल्या मापात दोन्ही बाजूंना बोटभर जागा उरली पाहिजे. फोम दबून जागा होईल असं विक्रेता सांगेल. अखंड सीटचं कवच दबत नाही.

आता बसवण्याचं काम. इथे आम्ही जरा कडक बोलणार आहोत, कारण सीट चांगली घेऊन फिटिंगमध्ये तिची माती झालेली सर्रास दिसते. आजकालच्या गाड्यांत सीटच्या कुशीत साइड एअरबॅग असते, बेल्टचं बक्कल बऱ्याचदा सीटलाच जोडलेलं असतं आणि प्रवाशाच्या बैठकीत वजन ओळखणारा सेन्सर असतो. बाहेरची सीट बसवताना यातलं काय जातं याची यादी लेखी मागा. एअरबॅगचा दिवा विझवण्यासाठी कनेक्टरमध्ये रेझिस्टर खुपसून देणारे आहेत. दिवा विझतो, एअरबॅग गेलेलीच असते. अशा ठिकाणी गाडी देऊ नका.

सीट काढताना विजेवरची असेल तर आधी ती पूर्ण पुढे घेऊन मागचे बोल्ट सैल करा, मग पूर्ण मागे घेऊन पुढचे. बॅटरी नंतर सोडवा. आधीच बॅटरी काढली तर सीट जागची हलत नाही आणि बोल्टपर्यंत हात पोचत नाही. इग्निशन बंद करून बॅटरीची निगेटिव्ह तार काढा आणि मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबूनच पिवळ्या कनेक्टरला हात लावा. पिवळा रंग एअरबॅगच्या वायरिंगची खूण आहे. कनेक्टर सुटा असताना चावी फिरवली तर बिघाडाची नोंद राहते आणि ती स्कॅनर लावल्याशिवाय जात नाही.

बाहेरच्या सीटखाली तीन थर येतात: गाडीनुसार बनलेली फ्रेम, सीट पुढे-मागे सरकवणारा स्लायडर आणि सीटला बाजूने धरणारे साइड ब्रॅकेट. तिघांची जाडी मिळून सीट मूळपेक्षा वर जाऊ शकते, म्हणून ऑर्डर देण्याआधी बेरीज करा. स्लायडर दोन्ही बाजूंना लॉक होणारा घ्या. एकाच बाजूला लॉक होणारा ब्रेक मारल्यावर किंचित पिळतो आणि महिनाभरात कटकट वाजायला लागतो. बोल्ट किमान 8.8 ग्रेडचे, टॉर्क रेंचने मॅन्युअलच्या आकड्याला आवळलेले, आणि पाचशे किलोमीटरनंतर पुन्हा तपासलेले. एमआयडीसीत वेल्डिंगची उत्तम कामं होतात यात वाद नाही, पण सीटची फ्रेम हे अँगल कापून जोडण्याचं काम नव्हे. धडकेत बेल्टचा ताण त्याच फ्रेमवर येतो. शिवाय हातबनावटीच्या ब्रॅकेटमध्ये सीट एक-दोन सेंटीमीटर बाजूला सरकली तर स्टीअरिंग आणि पेडलशी सरळ रेषा राहत नाही, आणि कंबर रोज थोडी पिळलेल्या अवस्थेत बसते. कारण न सापडणाऱ्या पाठदुखीत हे मोजून बघा.

रेसिंगमधला चार पट्ट्यांचा बेल्ट, म्हणजे हार्नेस, रस्त्यावर नको. मांड्यांमधली पट्टी नसेल तर धडकेत माणूस पट्ट्याखालून घसरतो. आणि उंच बोल्स्टरच्या बकेटमध्ये साधा तीन टोकांचा बेल्ट ओटीपोटाखाली हाडावर न बसता बोल्स्टरवर अडकतो का, हे बसून, ओढून पाहा. अडकत असेल तर ती सीट बाद. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 मध्ये गाडीतल्या फेरफारांवर बंधनं आहेत, तेव्हा विमा कंपनीला आधी कळवून उत्तर लेखी घेतलेलं बरं.

मूळ सीट घडणीने चांगली पण फोम बसलेला, अशी अवस्था असेल तर नवी सीट घेण्याची गरज नाही. चांगला कुशनवाला हे काम करतो, फक्त त्याला काय सांगायचं ते माहीत हवं. "50 डेन्सिटी टाका" एवढ्यावर थांबू नका. डेन्सिटी म्हणजे एका घनमीटरमध्ये किती किलो माल आहे ते, कडकपणा वेगळा. जास्त डेन्सिटीचा फोम मऊसुद्धा असू शकतो, तो टिकतो जास्त एवढंच. खाली दाट, लवचीक फोम आणि वर 10 ते 15 मिलिमीटरचा मऊ थर, ही रचना मागा. मेमरी फोम उन्हात लिबलिबीत आणि थंडीत कडक होतो, तो नको. वजन ओळखणाऱ्या सेन्सरची चटई जिथून निघाली तिथेच, सुरकुती न पडता परत गेली पाहिजे. एअरबॅगच्या जागेची शिवण खास कमकुवत दोऱ्याची असते, ती कुणालाही उसवू देऊ नका. यावर बाजारातलं घट्ट सीट कव्हर चढवणं तर त्याहून वाईट: एअरबॅगची वाट अडते, आणि बोल्स्टरची धार कव्हरखाली गोल होऊन सगळी पकड जाते.

कापड की लेदर? मे महिन्यात कलेक्टर कचेरीपाशी उन्हात उभ्या केलेल्या गाडीत काळं लेदर चटका देतं, म्हणून आमचं मत कापडाला किंवा मध्ये कापड आणि कडेला लेदर अशा मिश्रणाला. अल्कंटारा, म्हणजे मखमली स्पर्शाचं कृत्रिम कापड, धरून ठेवतं छान, पण घाम पितं आणि मानेशी, मांडीशी तुळतुळीत होतं. लेदर घेतलंच तर छिद्रांचं आणि हवेशीर पंख्याचं घ्या. त्यावर क्रीम थेट ओतू नका, कापडाला लावून पुसा. छिद्रं बुजली की पंखा नुसता आवाज करतो. जुलै-ऑगस्टमध्ये कास-बामणोलीकडे जाणं असेल आणि गाडी नंतर बंद उभी राहणार असेल तर लेदरवर बुरशी धरते. आठवड्यातून एकदा एसी लावून आत कोरडं करा.

वापरलेल्या गाडीची सीट बघताना ड्रायव्हरच्या दाराकडचा, म्हणजे उजवा बोल्स्टर दोन बोटांनी दाबा. चढता-उतरताना सगळा भार तिथे पडतो. डाव्याइतकाच परत वर आला तर ठीक; आतली तार बोटाला लागली किंवा फोमचा चुरा जाणवला तर तिथून कुशनचं काम निघणार, ते किमतीत धरा. सीट पूर्ण पुढे-मागे करून मोटरचा आवाज दोन्हीकडे सारखा येतो का ऐका, एअरबॅगचा दिवा चावी फिरवल्यावर पेटून विझतो का पाहा. मुळीच पेटत नसेल तर विक्रेत्याला त्याचं कारण विचारा, आणि सीटखालचे पिवळे कनेक्टर टॉर्च मारून बघितल्याशिवाय टोकन देऊ नका.