रामबागेतील इंग्रजी व्याकरणाचा वर्ग : बाई उत्तम, पुस्तिका सुमार

नोकरीत पत्रव्यवहार इंग्रजीतून करावा लागतो आणि वीस वर्षे तो करूनही ‘इन्फर्मेशन्स’ हा चुकीचा शब्द माझ्या हातून सुटला नव्हता, म्हणून गेल्या पावसाळ्यात इंदूरच्या रामबागेतील एका इंग्रजी व्याकरणाच्या वर्गात नाव घातले. शनिवारी आणि रविवारी सायंकाळी दीड तास, आठ आठवडे, शुल्क 2400 रुपये आणि सोबत एक छापील पुस्तिका. काळ, प्रयोग वगैरे भाग इतरत्र शिकवतात तसाच येथेही शिकवतात, त्यामुळे त्याविषयी लिहीत नाही. गणनीय (मोजता येणाऱ्या) आणि अगणनीय (मोजता न येणाऱ्या) नामांना मात्र बाईंनी चार तासिका दिल्या आणि माझे पैसे त्या चार तासिकांतच वसूल झाले.

पहिल्या तासिकेला त्यांनी खडू हातात घेतलाच नाही. ‘सकाळी काय खाल्ले?’ एवढेच विचारले. इंदुरात या प्रश्नाचे उत्तर ठरलेले असते. मी ‘पोहे खाल्ले’ म्हणालो, शेजारचा हिंदीभाषक मुलगा ‘पोहा खाया’ म्हणाला. शेव आणि जिरावण (पोह्यांवर भुरभुरायचा मसाला) दोघांच्याही बशीत होतेच. तरीही तो पदार्थ आमच्या घरात अनेकवचनी आणि बाहेर ठेल्यावर एकवचनी. नाम गणनीय की अगणनीय हे वस्तूवरून ठरत नसून, ती भाषा त्या वस्तूकडे सुटे दाणे म्हणून पाहते की एक रास म्हणून, यावरून ठरते, ही गोष्ट त्या एका बशीने जितकी लख्ख समजावली तितकी शाळेत ‘पदार्थवाचक नाम’ घोकून कधी समजली नव्हती.

आमच्या चुका कोठून येतात, हेही त्यांनी मराठीतूनच दाखवले. आपण सल्ले देतो, बातम्या ऐकतो, केस विंचरतो, दोन कागद मागतो. इंग्रजीत अॅडव्हाइस, न्यूज, हेअर आणि पेपर हे शब्द या अर्थांनी एकवचनीच राहतात, न्यूजच्या शेवटी ‘एस’ दिसत असला तरी क्रियापद ‘इज’च लागते, आणि मोजायचेच झाले तर ‘अ पीस ऑफ अॅडव्हाइस’ किंवा ‘टू शीट्स ऑफ पेपर’ असे माप पुढे जोडावे लागते. असे माप आपल्याला परके नाही. भात मोजता येत नाही, पण भाताचे शीत मोजता येते. लसणाच्या तर पाकळ्याच मोजतात आणि नेमके इंग्रजीतही तसेच आहे. शिवाय माहिती आणि सामान यांचे अनेकवचन आपणही करत नाही. मग ‘इन्फर्मेशन्स’ आणि ‘लगेजेस’ कोणत्या तोंडाने लिहिता, असे बाईंनी विचारले तेव्हा मी वहीत डोके घातले.

‘फ्यू’ आणि ‘अ फ्यू’ यांतील फरक ‘थोडेच’ आणि ‘थोडेसे’ या दोन शब्दांत उरकला. मटाराची गोष्ट मात्र त्यांनी रंगवून सांगितली. पूर्वी इंग्रजीत ‘पीझ’ हा शब्द आपल्या ‘धान्य’ या शब्दासारखा राशीसाठीही वापरत. त्याच्या शेवटचा ध्वनी लोकांना अनेकवचनाचा वाटला आणि सतराव्या शतकात त्यातून ‘पी’ हे एकवचन कापून काढले गेले. म्हणजे या बाबतीत गोंधळणारे केवळ आपणच नाही.

इतक्या चांगल्या शिकवण्यावर पुस्तिका पाणी ओतते. तिच्यात दोन रकाने आखून प्रत्येक नामाला कायमचे एका रकान्यात बसवले आहे. ‘हेअर’ अगणनीय, एवढेच छापले आहे. वरणात एक केस सापडला तर ‘अ हेअर’ म्हणतात, याची टीपही नाही. ‘कॉफी’चेही तेच. आपण हॉटेलात ‘दोन चहा द्या’ म्हणतो तसे इंग्रजीतही ‘टू कॉफीज’ सर्रास मागतात, आणि हे बाईंनी वर्गात स्वतः सांगितले होते. ‘लेस’ हा शब्द अनेकवचनी नामापुढे कधीच येत नाही हा पान 14 वरचा नियम तर सरळ चुकीचा आहे, कारण अंतर, वेळ किंवा रक्कम एकत्रित मानली की ‘लेस दॅन टेन किलोमीटर्स’ हेच स्वाभाविक इंग्रजी ठरते. घरी फक्त पुस्तिका वाचून सराव करणारा विद्यार्थी वर्गात मिळवलेले घालवून बसेल.

बसायला जागा अपुरी आहे, पाऊस आला की पत्र्याच्या आवाजात मागच्या बाकावर काही ऐकू येत नाही, म्हणून दहा मिनिटे आधी जावे. दहावीच्या मुलांपेक्षा कचेरीत इंग्रजी लिहिणाऱ्या प्रौढांना हा वर्ग अधिक उपयोगी पडेल, असे मला वाटते. शेवटच्या दिवशी मी पुस्तिकेतल्या चुका बाईंना दाखवल्या. त्यांना त्या सगळ्या ठाऊक होत्या. जुन्या प्रती संपल्याशिवाय नव्या छापता येत नाहीत, असे म्हणून त्यांनी कपाटाकडे बोट केले, तर वरचे दोन कप्पे अजून गच्च भरलेले होते.