फेरिक क्लोराइड म्हणून विकलेलं वापरलेलं पाणी

घरी पीसीबी (सर्किटसाठीचा तांब्याचा थर असलेला बोर्ड) करणाऱ्या इंदूरच्या मुलांनो, बिनलेबलच्या बाटलीतलं ‘तयार’ फेरिक क्लोराइड, म्हणजे बोर्डावरचं नको असलेलं तांबं काढणारं द्रावण, अजिबात घेऊ नका. महाराणी रोडच्या बाजूच्या एका दुकानदाराने माझ्या भाच्याच्या गळ्यात अशीच एक बाटली मारली. प्रोजेक्टचं सबमिशन तोंडावर, खडे विरघळवायला वेळ नाही, म्हणून त्याने तयार माल मागितला. “एकदम फ्रेश है, भैया.” बिल मागितलं तर कच्ची चिठ्ठी.

ताजं, कोमट द्रावण असेल तर 35 मायक्रॉनचं तांबं साधारण अर्ध्या तासात निघतं. इथे तास उलटला तरी तांबं जसंच्या तसं. सर्किटसाठी बोर्डावर उमटवलेल्या टोनरच्या (प्रिंटरच्या शाईच्या) बारीक रेघा मात्र सुटायला लागल्या. फोन केला तर उत्तर, “ठंड में टाइम लगता है.” थंडीत एचिंग (तांबं निघण्याची क्रिया) मंदावतं हे खरंच आहे, म्हणून पोरगं बिचारं गप्प बसलं. ट्रे गरम पाण्यात ठेवून पाहिला, काही फरक नाही.

मग मी एक लोखंडी खिळा पॉलिश पेपरने घासून त्यात बुडवला. थोड्या वेळाने काढला, तर बुडलेल्या भागावर लालसर तांबं चढलेलं! ताज्या फेरिक क्लोराइडमध्ये तांबं येईल कुठून? कुणाचे तरी बोर्ड त्यात आधीच होऊन गेले होते. तांबं खाता खाता फेरिकचं फेरस होतं आणि द्रावणाचा जोर संपतो. हिरवट झाकही होती, पण गडद बाटलीत ती दिसणार कशी? दुकानदार म्हणाला, “खुला माल वापस नहीं होता.” विद्यार्थ्याच्या खिशातले पैसे असे लुबाडायचे, याचा मला फार संताप आला.

घ्यायचंच तर सीलबंद, लेबल असलेलं घ्या. नाहीतर मेडिकलमधलं हायड्रोजन पेरॉक्साइड, पांढरं व्हिनेगर आणि मीठ यांनीही तांबं निघतं, जरा सावकाश. पेरॉक्साइडचं सील आणि तारीख बघा. चिरलेल्या बटाट्यावर थेंब टाकल्यावर फेस आला नाही तर ते मेलेलं समजा. भांडं प्लास्टिकचं किंवा काचेचं, खिडकी उघडी, हातात मोजे. उरलेलं मिश्रण झाकण घट्ट लावून ठेवू नका, वायू साठून बाटली फुटते. त्यात तांबं असतं, म्हणून मोरीतही ओतू नका.

आणि पक्कं बिल घ्याच. ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार करताना तेच हाताशी लागतं.